दाढीवाला, मिशीवाला आणि राऊत मॅडम

राऊत मॅडमनी फेकलेला डस्टर माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीवर आपटला. आमच्या वर्गावरचा त्यांचा पहिलाच तास तेव्हा नुकता सुरू झाला होता. डस्टर मला मारलेला नव्हता, माझ्या मागे बसलेल्या प्रवीणला मारला होता. व्यक्तिमत्त्व विकासाच्या अवस्था फळ्यावर लिहिताना मॅडमनी 'मुखावस्था'नंतर 'गुदावस्था' असं मोठ्यानं म्हटलं आणि प्रवीण फिस्सकन हसला.

"काहून हासला बे?"

"काही नाही मॅडम."

"काही नाही कसं? तुह्या घरी लहान लेकरू आहे का?"

"भाचा आहे."

"त्याले संडासले बसवते तेव्हा तुही माय वरडते का त्याच्यावर?"

"वरडते."

"मारते?"

प्रवीण खाली बघत म्हणाला, "कधी कधी."

"मंग यात हासण्यासारखं काय आहे? हाच तं धडा आहे. घरी जाऊन मायले सांग, का त्याले मारू नको. अन् तो डस्टर आण इकडे."

दिग्रसच्या ज्या कॉलेजात मी बी.ए. झालो, तिथं मानसशास्त्र हा विषय घेणारे आम्ही थोडेच होतो. बहुतेकांनी तो 'सोपा जाते' असं ऐकून घेतला होता. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे सोपं काय आणि अवघड काय हे सांगणारंही कोणी नव्हतं. मी तो घेतला, कारण राऊत मॅडम आमच्याच गावच्या होत्या. गावातून कॉलेजात जाऊन शिकवणारी ती एकच बाई. सकाळच्या एस.टी.त त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत. गावातला कुठलाही पोरगा परीक्षा बुडवून घरी राहिला की संध्याकाळी त्याच्या दारात उभ्या राहत. मी आज मारेगावकडच्या एका शाळेत शिक्षक आहे तो त्यांच्यामुळे. हे मी कितीही वेळा म्हटलं तरी मला ते कमीच वाटतं.

दिसायला त्या ठेंगण्या, काळ्यासावळ्या. दातात कायम लवंग. चालणं इतकं झपाट्याचं की सोबत चालणाऱ्याला धापा लागाव्यात. लग्न केलेलं नव्हतं. आवाज कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भोंग्यासारखा. आणि हात भारी. बी.ए.च्या मिशा फुटलेल्या पोरांच्या पाठीत त्या धपाटा घालत आणि पोरं पाठ चोळत हसत. मार खाल्लेला प्रत्येक जण त्यांच्यावर जीव टाकायचा, हे खरं आहे. पण धपाटा घातल्यावर त्या एकदम गप्प होत, स्वतःच्या तळहाताकडे बघत आणि तो हात पदराखाली घेत, हेही मी पाहिलं आहे. आम्ही तेव्हा त्याचा विचार केला नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या धड्यातल्या दोन परदेशी मानसशास्त्रज्ञांची नावं आमच्या जिभेला वळत नसत. म्हणून मॅडमनी त्यांच्या फोटोंवरून त्यांना नावं दिली होती. एक दाढीवाला, एक मिशीवाला. फळ्याच्या मधोमध त्या उभी रेघ मारत. डावीकडे दाढीवाला, उजवीकडे मिशीवाला.

"दाढीवाला म्हणते, माणूस त्याच्या शरीराच्या ओढीनं घडते. आधी तोंड, मंग बाकीचं. आईबापाशी जे काही प्रेम, राग, भेव व्हायचं ते पाच-सहा वर्षांच्या आत होऊन जाते. पुढं उभा जन्म त्याचीच उजळणी. मिशीवाला त्याचाच चेला. पण तो म्हणते, गुरुजी, तुम्ही घरातच पाह्यलं, अंगणात पाह्यलं नाही. माणूस माणसांत घडते. दर वयाले एक नवा पेच पडते. लेकराले भरवशाचा, पोराले आपण कोण याचा, चाळिशीतल्याले आपण कोणासाठी काही पेरतो का नाही याचा, म्हाताऱ्याले जगलो ते बरं का वाया, याचा. दाढीवाला लेकरू वयात आलं का दुकान बंद करते. मिशीवाला सरणावर जाईपर्यंत उघडं ठेवते."

मग आम्हाला सांगत, "परीक्षेत दोघांनाही सारखं लिहा. पण घरी जेवाले बोलवायचं तं मिशीवाल्याले बोलवा."

एकदा प्रवीणनंच विचारलं, "मॅडम, तुम्हाले दाढीवाल्याचा एवढा राग कायले?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. "माहा बाप जिनिंगमध्ये गाठी उचलत होता. घरी आला का आम्हाले उचलत होता. मले, माह्या भावाले, मायले. मायचा हात दोनदा मोडला त्यानं. मी सहाची होतो तोवर मार काय असते ते मले पुरं पाठ झालं होतं. आता हा दाढीवाला मले सांगते का तेवढ्यातच तुहं सगळं ठरलं. मंग मी शिकलो कायले? अन् माहा भाऊ तुरुंगात बसून काय करून राह्यला?"

भाऊ तुरुंगात आहे हे कॉलेजातल्या पोरांना पहिल्यांदा कळलं. मला माहीत होतं. आमच्या गावाला ते सगळंच माहीत होतं.

आमच्याकडे पोळ्याला मारुतीच्या देवळापुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून सगळ्या जोड्या तिथं रांगेत उभ्या करतात आणि तोरण तुटलं की जोड्या घरोघर जातात. तोरणाखालून पहिली जोडी कोणाची, हा मान. त्या मानावरून मॅडमच्या धाकट्या भावानं, दत्तूनं, भर पोळ्यात गावातल्याच किसनला मारलं होतं. बैलबंडीची उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडा, उपसून डोक्यात घातली. किसन तिथंच गेला. त्याची बायको सिंधूताई तेव्हा ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती, आणि पोरगा आकाश बापाच्या बैलाचा कासरा धरून बापाच्या शेजारी. पाच-सहा वर्षांचा.

दत्तूला जन्मठेप झाली. त्यानंतर गावानं मानच काढून टाकला आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून उभ्या करायला सुरुवात केली.

मी बी.ए. होऊन घरी आलो त्याच वर्षी दत्तू शिक्षा संपवून सुटला. मॅडमनी त्याला आपल्या घरी आणलं. गावात कोणी त्याच्याशी बोलेना. हॉटेलात तो बसला की बाजूचे उठत. मॅडम घरोघर गेल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा बाबा गोठ्यात होते.

"दादा, याले काम द्या."

"सुलभाबाई, माहं काही नाही, पण लोक..."

"लोक मी पाह्यतो. माणसाले माणसात घेतलं तरच तो माणूस होते. नाही तं त्याले तिथंच ठेवायचं होतं."

बाबांनी त्याला शेतावर घेतलं. दत्तू खाली मान घालून काम करायचा. उंच, हाडकुळा, वयापेक्षा म्हातारा दिसणारा. बैलांशी मात्र बोलायचा. आमची जोडी मारकी होती, त्याच्या हाताला ती गोगलगाय झाली. मॅडमना त्याचं एवढं कौतुक वाटलं की एक दिवस त्यांनी त्याला कॉलेजातच नेऊन मागच्या बाकावर बसवलं. मी त्या दिवशी मार्कलिस्ट आणायला गेलो होतो. एका मुलीनं धीर करून विचारलं, "काका, तुम्हाले पस्तावा होते का?"

दत्तू उठून उभा राहिला. मग म्हणाला, "पस्तावा काय ते मले नाही समजत पोरी. पोळ्याच्या दिवशी जेवण जात नाही, एवढं समजते."

मॅडमनी पाठ फिरवून फळा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

आणि तिथंच त्यांना ते सुचलं. दत्तूनं पोळ्यात उभं राहायचं. जिथं तुटलं तिथंच सांधायचं. त्यांनी गावच्या तंटामुक्ती समितीच्या लोकांना गाठलं, सरपंचाला गाठलं, बाबांना तयार केलं की यंदा आमची जोडी दत्तू धरेल. त्या सिंधूताईच्याही दारी गेल्या. सिंधूताई म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या आहात. मी काय म्हणू?" मॅडमनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

आकाशला मात्र कोणी विचारलं नाही. तो वीस वर्षांचा झाला होता, दिग्रसला एका गॅरेजमध्ये काम करायचा, मोटरसायकलवर यायचा-जायचा. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

पोळ्याच्या दिवशी दत्तूनं आमच्या बैलांच्या शिंगांना बेगड लावली. रांगेत तो मधोमध उभा राहिला, दोन्ही हातांत दोन कासरे. मॅडम त्याच्या बाजूला. आमच्याकडे बायका तोरणाच्या रांगेत उभ्या राहत नाहीत. त्या राहिल्या आणि कोणाची बोलायची छाती झाली नाही. मी आणि बाबा मागेच होतो.

तोरण तुटायच्या आधी आमच्याकडे झडत्या म्हणतात. एकमेकांना टोमणे मारणारी जुळवलेली कवनं. एकानं म्हणायची, सगळ्यांनी शेवटी महादेवाचा गजर करायचा, हसायचं, मग दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. सरपंचावर एक झाली. दारू पिणाऱ्यावर एक झाली. मग आकाश पुढं आला. पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल. आवाज अगदी शांत.

"तुरुंगाची भाकर, फुकटाची डाळ,
खाऊन आला वळू, झाला लालेलाल!
बाप माहा मातीत, हा पोळ्यात मिरवते,
बहीण याची शिकलेली, पुस्तकानं हात धुवते!"

गजर अर्धाच उठला. हसलं कोणी नाही. सगळ्यांच्या नजरा दत्तूकडे. रिवाजाप्रमाणे आता त्यानं उत्तर द्यायचं होतं.

दत्तू म्हणाला, "बाबू, तुहं बरोबर आहे."

तो भांडला असता तर कदाचित निभावलं असतं. पण त्या नम्रपणानं आकाशचा चेहरा फाटल्यासारखा झाला. "बरोबर आहे? बरोबर आहे म्हणते? कायले बरोबर म्हणतं बे? मार ना मले! माह्या बापाले मारलं तसा मार!" तोरणाचा एक चिरलेला बांबू खाली पडला होता. तो उचलून त्यानं दत्तूच्या खांद्यावर हाणला. मग डोक्यावर. मग तोंडावर. आवाज सुक्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा येत होता.

दत्तूनं हात वर केले नाहीत. त्यानं कासरे सोडले असते तर बिथरलेले बैल समोरच्या लेकराबाळांत घुसले असते. मार खात तो दोन्ही कासरे ओढून उभा राहिला. कानातून, कपाळातून रक्त वाहत होतं, ते बैलाच्या झुलीवर पडत होतं. पोळ्याच्या दिवशी आम्ही बैलाला काठी लावत नाही. माणसावर काठी पडत होती आणि सगळं गाव बघत होतं. बाबा पुढं धावले, मी धावलो, पण मध्ये बैल आडवे झाले होते.

मॅडम आधी पोचल्या. त्यांनी आकाशच्या हातातून बांबू हिसकला. मला वाटलं, संपलं.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि आकाशच्या तोंडावर मारला. तो खाली पडला. तरी मारला. पडलेल्या पोराला त्या मारत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. मी त्यांचा तो चेहरा कधीच पाहिला नव्हता. डोळे उघडे होते, पण आत कोणी नव्हतं. सिंधूताईची किंकाळी आली तेव्हा दत्तूनं कासरे बाबांच्या अंगावर फेकले आणि रक्तानं भरलेल्या हातांनी बहिणीला मागून मिठी मारली.

"बाई, पुरे! बाई, मरन तो! माह्यासारखं नको करू बाई!"

बांबू पडला. आकाशच्या डाव्या डोळ्यातून रक्त आणि पाणी एकत्र येत होतं.

यवतमाळला नेईपर्यंत जीपमध्ये आकाशचं डोकं मॅडमच्या मांडीवर होतं. पाय मी धरले होते. सिंधूताई शेजारी बसून एकच म्हणत होती, "दिसते का रे? बावा, दिसते का?" मॅडमनी पदराचा बोळा त्याच्या डोळ्यावर दाबून धरला होता. दवाखान्यात त्याला आत नेल्यावर सिंधूताई उठली आणि तिनं मॅडमच्या थोबाडीत मारली. एकदा, मग पुन्हा. मॅडमनी तोंड बाजूलासुद्धा केलं नाही.

"नवरा भावानं नेला. पोराचा डोळा तुम्ही नेला. आता काय राह्यलं तुमचं शिकवायचं?"

मॅडम म्हणाल्या, "काही नाही."

सिंधूताई आत गेल्यावर त्या बाकावर बसल्या. माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "मी दत्तूचं वय मोजलं. चाळिशीचा पेच मोजला. गावाचं मन मोजलं. आकाशचं मोजलंच नाही. बाप मेला तेव्हा तो सहाचा होता, कासरा धरून. त्या वयात पोरगं बापाशी भांडत असते मनात, त्याची जागा मागत असते. अन् तेवढ्यात बाप खरोखरच मेला. काय घेऊन वाढला असेन रे तो? दाढीवाला हेच सांगत होता. मी रागाच्या पायी त्याले वाचलंच नाही." मग त्यांनी आपले हात उलटे-सुलटे केले. "अन् माहं वय तं धरलंच नाही मी हिशोबात."

डोळा वाचला नाही. सकाळी डॉक्टरांनी तसं सांगितलं. आम्ही गावी परतलो तोवर दत्तूला पोलीस घेऊन गेले होते.

गावानं जबाब दिला होता की आकाशला मारलं दत्तूनं. बाबांनीसुद्धा दिला होता. ज्या पोरांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं त्यांनी ते पुसून टाकलं होतं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी एकच केलं. बाबा मॅडमसमोर हात जोडून उभे राहिले.

"सुलभाबाई, तुम्ही गावची पोरं शिकवली. तुमची नोकरी गेली तं आमचे किती जण बुडतीन. तो तं तुरुंगात बसून आलेला आहे. त्यानं स्वतःच सांगितलं साहेबाले, मीच मारलं म्हून."

"दत्तूनं सांगितलं?"

"हो. अन् म्हणे, बाईले कळू देऊ नका."

मॅडम चपला न घालता तशाच निघाल्या. रक्तानं कडक झालेला पदर तसाच. मी मागे पळालो. दिग्रसच्या ठाण्यात साहेब त्यांना ओळखत होते, त्यांच्या पुतणीला मॅडम शिकवत. ते खुर्चीवरून उठले.

"मॅडम, तुम्ही भावासाठी बोलून राह्यल्या, मले समजते. पण त्याचा कबुलीजबाब आहे, गावाचे साक्षीदार आहेत. त्याचा मागचा रेकॉर्ड पाहा. अशी माणसं सुधरत नाहीत. घरी जा."

"सुधरला तो. त्यानं काल माराखाली बैल सोडले नाहीत, अन् बोटसुद्धा उचललं नाही. सुधरायचं माहं राह्यलं होतं."

"नोकरी जाईन मॅडम."

"जाईनच. लिहा."

साहेब लिहीनात. तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला. शाईचा पॅड उडाला, बाहेरचा शिपाई आत आला. "साहेब! सहाच्या आत जे शिकलो ते काल पोळ्यात बाहेर आलं, हे खरं. दाढीवाला जिंकला. पण आज सकाळी काय करायचं, हे त्यानं नाही ठरवलं. ते माह्या वयाचं काम आहे. लिहा, का मी मारलं."

साहेबांना दाढीवाला कोण ते कळलं नाही. पण त्यांनी कागद पुढं ओढला.

पुढं माझाही जबाब झाला आणि मी पाहिलं तेच सांगितलं. बाबा माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मग एक दिवस स्वतःच ठाण्यात जाऊन त्यांनी आपला जबाब बदलला. दत्तू सुटला. मॅडम आत गेल्या, जामिनावर आल्या, कॉलेजनं निलंबित केलं. केस उभी राहिली. फिर्यादी आकाश, आरोपी राऊत मॅडम.

मला मारेगावकडे नोकरी लागली. सुट्टीला गावी जाताना एकदा दिग्रसच्या स्टँडवर माझी एस.टी. थांबली होती. समोर आमच्या गावची गाडी येऊन लागली. त्या दिवशी कोर्टाची तारीख असावी, कारण त्या गाडीतून आधी आकाश उतरला आणि मागून मॅडम. सकाळची गाडी एकच असते. फिर्यादी आणि आरोपी, दोघांनाही त्याच गाडीनं यावं लागतं.

आकाशनं काळा चष्मा लावला होता. तो कोर्टाच्या रस्त्याला लागला. मॅडम थोडं अंतर ठेवून चालत होत्या. त्यांची चाल मंदावली होती, की त्यांनी ती मंद केली होती, मला सांगता येणार नाही. बाजाराचा दिवस. कापसाच्या गाड्या, ऑटो, उलट्या बाजूनं घुसणाऱ्या मोटरसायकली. रस्ता ओलांडताना त्या झपकन पुढं झाल्या आणि आकाशच्या डाव्या अंगाला आल्या. जिकडून त्याला दिसत नाही तिकडून.

आकाश थांबला. मान पूर्ण वळवून त्यानं पाहिलं, कारण तशी वळवल्याशिवाय त्याला त्या दिसल्या नसत्या.

"बाजूले व्हा."

खिडकीतून मला त्याचा आवाज स्पष्ट आला. मॅडम बाजूला झाल्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागे एकात एक घट्ट धरून, येणाऱ्या गाड्यांकडे बघत त्या तशाच उभ्या राहिल्या. आकाशनं दात-ओठ खाल्ले, काहीतरी पुटपुटला आणि चालायला लागला. त्याही चालायला लागल्या, डाव्या बाजूनं, अंगाला अंग न लावता. त्यानं पुन्हा हाकललं नाही.

माझी गाडी सुटली तेव्हा ते दोघं कोर्टाच्या फाटकाशी पोचले होते.